बीट सालासकट उकडायचं

पुष्पाताई उन्हाळ्यात गेल्या, आणि थंडी पडली तरी भागवतरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. धाड गावच्या लोकांना वाटलं, माणूस मोठा धीराचा. एसटीत कंडक्टर म्हणून सगळी नोकरी काढलेली, भांडणं सोडवलेली, घाटात बंद पडलेल्या गाडीत रात्र-रात्र लोकांना सांभाळलेलं. असा माणूस मोडायचा नाही. भागवतरावांना मात्र ठाऊक होतं की धीराबिराचा काही संबंध नाही. त्यांना काही वाटतच नव्हतं. चहात साखर टाकली की राहिली, हे घोट घेऊनही कळायचं नाही. दारात कुणी आलं तर ‘या, बसा’ म्हणायचे आणि तो उठून गेल्यावर कोण आलं होतं ते आठवायचं नाही.

जेवणाचंही तेच. सकाळची भाकरी तशीच टोपल्यात राहायची. मग एक दिवस पाण्याची टाकी भरताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ते ओट्यावर धपकन बसले. शेजारच्या शेषरावांनी त्यांना मोटारसायकलवर बसवून बुलढाण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, गोळ्या दिल्या आणि खाण्यापिण्याचं सांगितलं.

संध्याकाळी नाशिकहून पूनमचा फोन आला. एकुलती एक लेक.

“बाबा, काय म्हणे डॉक्टर?”

“रक्त कमी हाये म्हणे. गोळ्या देल्या.”

“आन् खायाचं काय सांगतलं?”

“पालेभाज्या, गूळ-शेंगदाणे, बीट. असंच काहीबाही.”

“मग आणा ना बीट. खाऊन पाहा रोज. आणसान ना?”

“आणतो,” भागवतराव म्हणाले. त्यांना बीट आणावंसं वाटत होतं असं नाही. न आणावंसंही वाटत नव्हतं. कुणी सांगितलं की ते करायचं, एवढंच त्यांच्यात उरलं होतं.

आठवडी बाजारात कौशल्याबाई आपल्या नेहमीच्या जागी, गोणपाटावर भाजी मांडून बसल्या होत्या. पूर्वी त्या भागवतरावांच्याच गाडीनं भाजीची गाठोडी घेऊन यायच्या आणि भागवतराव ती मागच्या सीटखाली सरकवून द्यायचे. भागवतरावांनी ढिगातलं सगळ्यांत मोठं बीट उचललं, नारळाएवढं. मोठं म्हणजे चांगलं, एवढाच त्यांचा हिशेब.

“ठेवा ते, कंडक्टरभाऊ,” कौशल्याबाईंनी त्यांच्या हातातून ते काढूनच घेतलं. “ते जून झालं. आतून लाकडावानी लागते, किती बी शिजवा. हे घ्या, मुठीत मावते असं. दाबून पाहा. दबलं तर नाही घ्यायचं.”

भागवतरावांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं. टणक होतं.

“आन् शेपटी अशी शाबूत पायजे. पानं पाहा, कशी ताजी हायेत. पानावरून कळते कवा उपटलं ते.” बोलता बोलता त्यांनीच निवडून पिशवी भरली. मग म्हणाल्या, “ताई लहानच घेत. पोरीसाठी न्यायच्या, ते बाळंतपणाले आली होती तवा.”

भागवतरावांनी मान हलवली. पूनम बाळंतपणाला आली होती तेव्हा ते घरातच होते. पण बीट कुणी आणलं, कुणी शिजवलं, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी बीटं धुतली, बटाट्यासारखी सोलली, फोडी केल्या आणि पातेल्यात भरपूर पाणी घालून उकळायला ठेवली. पाणी लालभडक झालं आणि फोडी फिक्या पडल्या. मातीचा वास येत होता. त्यांनी मीठ टाकलं आणि खाल्ल्या. उरलेली ओली बीटं पानांसकट प्लास्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून फ्रिजमध्ये ठेवली. चार-पाच दिवसांनी पिशवी उघडली तर पानांचा चिखल झालेला आणि बीटं मऊ पडून बुळबुळीत झालेली.

पुढच्या बाजारी ते कौशल्याबाईंना एवढंच म्हणाले, “सडली.”

“धुऊन ठेवली असतीन?”

“हाव.”

“मग काय होईन! अवो, ओली ठेवायचीच नाही. माती नुसती झटकायची. पानं कापून घ्यायची, दोन बोटं देठ ठेवायचं. पानं लावून ठेवली तं बीटाचं पाणी पानंच पिऊन घेतेत. आन् जास्ती दिवस ठेवायची असली तं रेतीत ठेवा. घमेल्यात रेती टाका जराशी दमट, त्यात पुरा, एकमेकाले लागू देऊ नका. कोपऱ्यात थंड जागी ठेवली का महिनाभर काही होत नाही.”

शेषरावांकडं बांधकाम चाललं होतं, तिथून भागवतरावांनी घमेलंभर रेती आणली. मोरीजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात घमेलं ठेवून त्यांनी एकेक बीट रेतीत पुरलं.

शिजवायचं कसं ते पूनमनं फोनवरून सांगितलं. “सोलायचं नाही, बाबा. सालासकट उकडायचं. शेपटी बी कापायची नाही, नाही तर सारा रंग पाण्यात जाते. कुकरात बुडाशी पाणी टाका, चार-पाच शिट्ट्या होऊ द्या. मग सुरी घालून पाहा. सहज गेली पायजे.”

“आन् साल?”

“थंड झालं का अंगठ्यानं ढकला. आपोआप निघते. तुम्ही करून तं पाहा.”

त्यांनी करून पाहिलं. साल खरंच अंगठ्याखालून सरकलं आणि आतलं बीट ओलं, गडद, चकचकीत निघालं. ते किसून त्यांनी दह्यात कालवलं, शेंगदाण्याचा कूट टाकला, वरून जिरं आणि हिरव्या मिरचीची फोडणी दिली. पानं लसूण घालून तव्यावर परतली. कुकरातलं तळाचं लाल पाणीही लिंबू पिळून पिऊन टाकलं, कारण पुष्पाताईंना काही फेकलेलं आवडायचं नाही. चव लागली का, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. पण ताट मात्र रिकामं झालं. दुसऱ्या दिवशीही त्यांनी तसंच केलं, आणि हळूहळू हाताला सवय झाली.

अशाच एका सकाळी ते न्हाणीत गेले आणि लघवी लाल झालेली दिसली. गुलाबी नव्हे, चांगली लाल.

भागवतराव तिथंच उभे राहिले. पुष्पाताईंचं असंच सुरू झालं होतं. उन्हाळी लागली असेल म्हणून त्या धने-जिऱ्याचं पाणी पीत राहिल्या आणि नवऱ्याला काही बोलल्या नाहीत. बोलल्या तेव्हा उशीर झाला होता. मोठ्या दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच केला होता, कधीपासून आहे? भागवतराव पुष्पाताईंकडं पाहत राहिले होते आणि पुष्पाताई भिंतीकडं. दोघंही तेव्हा दिवसभर एकाच घरात असायची. ते ओट्यावर पेपर वाचत बसायचे.

आता माझीही पाळी, त्यांच्या मनात आलं. भीती वाटेल म्हणून ते वाट पाहत राहिले. वाटली नाही. त्यांनी दोन तांबे पाणी ओतलं, हात धुतले आणि चहा ठेवला. चहा पिताना ध्यानात आलं की अंगावरचं काहीतरी उतरलंय. बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा काही वाटलं, ते हे.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. गोळ्यांची पट्टी भिंतीतल्या देवळीत सरकवून दिली, आता कशाला म्हणून. बीट तेवढं चालू ठेवलं, कारण घमेल्यात शिल्लक होतं आणि करायला सोपं होतं. रोज सकाळी लाल दिसायचं आणि रोज ते स्वतःशीच मान हलवायचे. मग त्यांनी आवराआवर काढली. पुष्पाताईंची लोखंडी पेटी उघडून साड्या वाटायला सुरुवात केली. दोन कौशल्याबाईंना दिल्या, बाकीच्या गल्लीतल्या बायकांना. गव्हाची कोठी शेषरावांना देऊ केली. जास्तीची भांडी, पाटा-वरवंटा, बाज, ज्यानं मागितलं त्याला दिलं. न मागणाऱ्यालाही बोलावून दिलं.

शेषरावांना ते काही ठीक दिसेना. त्यांनी पूनमला फोन लावला. “पोरी, तुहे बाबा घर वाटून राह्यले. एकदा येऊन पाह्य.”

पूनम न कळवताच आली. दुपारच्या गाडीतून उतरून, बॅग घेऊन थेट घरात. भागवतराव कुकरचं झाकण काढत होते.

“अरे, आली? बस. बीट झालंच हाये,” ते म्हणाले, जणू ती रोजच येते.

बापलेक जेवायला बसली. पूनमनं कोशिंबिरीचा घास घेतला आणि बापाकडं पाहिलं. आईच्या हातची नव्हती, पण चांगली होती. तिनं आणखी वाढून घेतली. पानांची भाजीही खाल्ली. जेवण झाल्यावर ती हात पुसत आतल्या खोलीत गेली आणि तिथूनच तिचा आवाज आला.

“बाबा, आईच्या साड्या?”

“देल्या.”

“साऱ्या?”

“हाव. पडून काय करतीन?”

“मले इचारलं काऊन नाही?” ती दारात येऊन उभी राहिली. “एक तरी ठेवायची ना, बाबा. अंजिरी होती, माझ्या लग्नातली. ते बी देली?”

भागवतरावांना अंजिरी कुठली ते आठवेना. ते भिंतीला टेकून बसले होते.

“मले नाही वाटलं तुले पायजे असतीन म्हणून.”

“आन् कोठी? बाज? तुम्ही झोपता कशावर?”

“खाली. मले काय लागते आता.”

“आता म्हंजे?”

पूनम त्यांच्यापुढं खाली बसली आणि त्यांचं तोंड न्याहाळू लागली. मग त्यांनी सांगून टाकलं, गाडी किती वाजता सुटते ते सांगावं तशा आवाजात. “तुह्या मायचं झालं तसंच मले बी दिसून राह्यलं. सकाळी लाल होते.”

“कवापासून?”

“झाले दिवस.”

पूनम रडायला लागली, आवाज न करता. भागवतराव तिच्याकडं पाहत होते. तिच्या डोक्यावर हात ठेवायला पाहिजे हे त्यांना कळत होतं. त्यांनी ठेवलाही. पण तो हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा तिथं पडून राहिला.

“उद्या सकाळच्या गाडीनं बुलढाण्याले जायाचं,” ती शेवटी म्हणाली. “काही बोलू नका. जायाचं म्हंजे जायाचं.”

“जाऊ,” भागवतराव म्हणाले.

सकाळी ते तयार होऊन खुर्चीत बसले होते. पूनम न्हाणीतून बाहेर आली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“बाबा,” ती म्हणाली. “मले बी.”

“काय तुले बी?”

“लाल.”

भागवतराव उठले. उठले आणि पुन्हा बसले. छातीत काहीतरी इतक्या जोरानं हललं की त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. ते चप्पल शोधू लागले. चप्पल समोरच होती, पण पाय आत जाईना. “दुखते का?” ते विचारत होते. “पोटात दुखते का? पाठीत? आधी झालं होतं का असं? खरं सांग, पूनम. लपवू नको.” पूनम नाही नाही म्हणत होती. तरी ते तेच तेच विचारत राहिले.

दोघं बुलढाण्याच्या गाडीत बसली. एका थांब्यावर म्हाताऱ्या बाईचं गाठोडं चढवायला कंडक्टर खाली उतरला, तर भागवतराव जागेवरून ओरडले, “अरे चाल ना बे! किती वेळ?” सगळी गाडी वळून पाहू लागली. पोरगेला कंडक्टर वर चढला आणि त्यानं घंटी दिली. भागवतराव खिडकीच्या गजाला कपाळ लावून बसले. पूनमला चार वर्षांचा मुलगा होता. तिच्या आईला देवानं नेलं ते नेलं, मला ने, उद्या ने, आज ने, पण हिला नको. एवढं एकच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

डॉक्टरीणबाईंनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं. दोघांनाही तपासायला लघवी द्यायला सांगितली आणि रिपोर्ट येईपर्यंत बाकड्यावर बसवलं. तेवढा वेळ भागवतराव दाराकडं पाहत होते. दार उघडून नर्स बाहेर आली की अर्धे उठायचे आणि पुन्हा बसायचे.

आत बोलावल्यावर बाईंनी कागद बाजूला ठेवला. “दोघांच्याही लघवीत रक्त नाही. अजिबात नाही. काल जेवणात काय होतं?”

“बीट,” पूनम म्हणाली. मग तिचा हात तोंडावर गेला.

“किती खाल्लं?”

“पुष्कळ. कोशिंबीर, पाला, सारंच.”

बाई हसल्या. “तो बीटाचा रंग आहे. काही जणांना होतं असं. घरात एकाला होत असेल तर दुसऱ्यालाही होऊ शकतं. अंगात लोह कमी असलं की जास्त दिसतं. घाबरायचं काही कारण नाही. दोन दिवस बीट बंद ठेवा, आपोआप जाईल. तरीही दिसलं तर मात्र लगेच या. काका, गोळ्या घेता ना?”

भागवतरावांनी मान खाली घातली.

“घेतीन,” पूनमनं त्यांच्या वतीनं सांगितलं.

बाहेर येऊन ते दोघं स्टँडपर्यंत चालत गेले. पूनमला एकदम हसू फुटलं. चालता चालता ती हसत राहिली, मग हसणं थांबलं आणि स्टँडवरच्या बाकावर बसताना तिचा आवाज वेगळाच निघाला.

“बाबा, एक इचारू?”

“इचार.”

“तुम्हाले सोताचं दिसलं तवा बरं वाटलं, ना?”

समोर धाडची गाडी फलाटाला लागत होती. माणसं पळत होती. भागवतरावांना खोटं बोलता आलं असतं.

“हाव,” ते म्हणाले.

“आईनं लपवलं, ते आपल्याले तरास नको म्हणून. तुम्ही काऊन लपवलं? मले एका वर्षात दोघं नेऊन पोचवायचे होते का? मी कोणाकडं यावं मग? कुठं यावं अन् कायले?” ती ओरडत नव्हती, पण शेजारचा माणूस उठून दुसरीकडं जाऊन बसला. “सकाळी माझं ऐकलं तवा कसं झालं तुम्हाले? तसंच मले काल झालं. रात्रभर झालं.”

भागवतरावांना रडू कोसळलं. भर स्टँडवर, पिशवी मांडीवर धरून, कंडक्टर-ड्रायव्हर ओळखत असताना, ते लहान मुलासारखे हुंदके देत राहिले. पूनम जवळ सरकून बसली. धाडची गाडी सुटली. ती तिनं जाऊ दिली, पुढचीही जाऊ दिली.

“चहा पेता?” तिनं शेवटी विचारलं.

“पाज.”

चहा आला. पहिला घोट घेऊन भागवतराव म्हणाले, “लय गोड हाये.”

ती आणखी काही दिवस राहिली. तिनं शेषरावांना सांगून बाज परत आणवली. साड्या परत मागायच्या नाहीत, असं तिनंच ठरवलं. अंजिरी कुणाच्या अंगावर दिसली तर डोळे भरून पाहीन म्हणाली. मग ती नाशिकला गेली आणि घर होतं तसं झालं. बस स्टँडवर जे फुटून आलं होतं ते काही टिकलं नाही. भागवतरावांना पुन्हा सकाळी उठावंसं वाटायचं नाही आणि दारात आलेल्या माणसाचं बोलणं अर्धंच कानात शिरायचं. पण गोळ्या ते घ्यायचे. बाजारात जायचे, मुठीएवढी बीटं स्वतः दाबून निवडायचे आणि कौशल्याबाई त्यांच्या पिशवीत डोकावून कोथिंबिरीची काडी वर टाकायच्या. बीट एक दिवसाआड करायचे.

संक्रांतीनंतर ते एकटेच बुलढाण्याला जाऊन रक्त तपासून आले. दवाखान्याच्या पायरीवरूनच त्यांनी पूनमला फोन लावला.

“वाढलं,” ते म्हणाले. “अजून थोडं कमी हाये, पण वाढलं.”

“वा! आन् तुम्हाले कसं वाटून राह्यलं, बाबा?”

भागवतरावांनी विचार केला. समोरून रिक्षा गेल्या, एक बाई पेरूची टोपली घेऊन गेली.

“काही खास नाही वाटत अजून,” ते म्हणाले. “पण तुले सांगावं म्हणून फोन केला.”

“तेवढं करत जा,” पूनम म्हणाली. मग तिनं मुलाला हाक मारली आणि फोन त्याच्या हातात दिला.